खिडकीशेजारचं फडताळ

१

मनाली कांबळेचं स्वयंपाकघर सात फूट बाय सहा फूट होतं. ती शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवायची, त्यामुळे मापं तिच्या जिभेवर असायची. या सात बाय सहात ओटा होता, ओट्याखाली सिलेंडर, सिलेंडरला चिकटून पिठाचा डबा, कोपऱ्यात फ्रीज आणि फ्रीजच्या डोक्यावर मिक्सर, मोठा कुकर आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या चकलीच्या सोऱ्याची पिशवी. फ्रीजचं दार उघडायचं तर आधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागे. राजारामपुरीतल्या जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट तिनं आणि प्रसेनजीतनं सहा वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा 'दोघांना काय लागतंय' असं दोघंही म्हणाले होते.

मग मार्चमध्ये आजऱ्याकडच्या गावी एकट्या राहणाऱ्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा धरला तो धरलाच. प्रसेनजीत टेम्पो घेऊन गेला आणि आईला घेऊन आला. बायडाबाईंबरोबर घनसाळ तांदळाची दोन पोती आली, नाचणी आली, वर्षाच्या चटणीची बरणी आली आणि पत्र्याचे नऊ डबे आले. त्यातला एक पंधरा किलोचा, चौकोनी, कडीचा.

"माणसाला जागा हाय रे," मनाली स्वयंपाकघरात नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "पण ह्या डब्यांनी कुठं बसायचं? माझ्या डोक्यावर?"

तेवढ्याशा घरात हळू आवाज असा काही नसतो. बायडाबाई हॉलमध्ये पलंगावर बसल्या होत्या. थोड्या वेळानं वाकून, गुडघा धरत, एकेक डबा त्यांनी पलंगाखाली सरकवला. आणि त्या दिवसापासून त्या प्रत्येक गोष्ट विचारून करू लागल्या. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात धरून उभ्या राहायच्या. "हितं ठिवू काय गं? चालंल काय हितं?"

मनालीला ते टोचायचं. पण टोचतं हे सांगणार कसं आणि कुणाला?

२

एका रविवारी सकाळी प्रसेनजीत म्हणाला, "फ्रीज हॉलमध्ये घेऊया. तेवढीच जागा मोकळी हुईल."

फ्रीज हलला आणि मागच्या भिंतीत एक दार दिसलं.

दार लहानसं होतं. गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच, दोन फूट रुंद, भिंतीच्याच रंगानं रंगवलेलं. लगतच खिडकी, आणि खिडकीबाहेर गल्ली. मनालीनं सुरीनं कडेकडेनं रंग सोडवला, प्रसेनजीतनं दारात खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून ओढलं. दार निघालं ते अगदी अलगद, रोजच्या वापरातलं असावं तसं.

आत फडताळ होतं. कडप्प्याच्या तीन फळ्या, बाजूच्या खाचांत बसवलेल्या.

"आयला, सहा वर्षं ह्याच्यापुढं फ्रीज ठेवून बसलोय आपण!" प्रसेनजीत हसत सुटला.

बायडाबाईही लंगडत बघायला आल्या. मनाली ओलं फडकं घेऊन पुढं झाली. फळी पुसली आणि फडकं उलटून पाहिलं. फडकं होतं तसं पांढरं. दुसरी फळी पुसली, तिसरी पुसली. कोपऱ्यात बोट फिरवलं. धुळीचा कण नाही, झुरळाची लेंडी नाही, कोळिष्टक नाही. निदान सहा वर्षं बंद असलेलं फडताळ.

दार घट्ट बसलं असेल, असं ती स्वतःला म्हणाली. आणि तिला त्याक्षणी त्यावर अधिक विचार करायचा नव्हता, कारण आनंद फार झाला होता. बायडाबाईंचे नऊच्या नऊ डबे त्यात गेले. शेवटी पंधरा किलोचा डबा प्रसेनजीतनं खालच्या फळीवर सरकवला. मग तिघांनी श्वास रोखून दार लावलं. लागलं.

बायडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "समद्याला जागा झाली की गं बाई," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मटण झालं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा बायडाबाईंनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

३

बायडाबाई साठीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकल्या होत्या. अक्षर अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचायच्या. म्हणून मनालीनं वहीची पानं कापून मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या केल्या आणि डब्यांवर चिकटवल्या. तूरडाळ. नाचणी. शेंगदाणे. मीठ.

मंगळवारी शाळेतून येऊन तिनं फडताळ उघडलं तर एकही चिठ्ठी दिसेना. सगळे डबे पाठमोरे. चिठ्ठ्या आतल्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून.

तिनं ते फिरवून नीट लावले. बुधवारी पुन्हा तसेच.

"आत्ती, चिठ्ठ्या आत करून का ठेवताय?" तिनं विचारलं. आवाज जरा चढलाच. "मग वाचणार कोण?"

बायडाबाई भांबावल्या. "मी कशाला करू तसं? माझ्यासाठीच लावल्यास न्हवं?"

"मग कोण करतंय? घरात तुम्ही एकट्याच असताय."

"मला वाटलं, तूच फिरवतीस."

वयस्कर माणूस, हातून होतं आणि लक्षात राहत नाही, असं मनालीनं ठरवलं. पण त्या दुपारी तिनं मुद्दाम सगळे डबे सरळ केले, दार लावलं, आणि बायडाबाईंना हॉलमध्ये पलंगावर झोपलेलं डोळ्यांनी पाहून ती ओट्याशी कणीक मळायला लागली. फडताळ तिच्या पाठीशी चार फुटांवर होतं.

थोड्या वेळानं पत्रा दगडावर घासल्याचा आवाज झाला. लहानसा. सवयीच्या हातानं डबा जरा फिरवावा, तेवढाच. मग दुसरा. मग तिसरा.

कणकेचे हात तसेच घेऊन ती वळली. नऊ आवाज होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग कोपरानं दार उघडलं.

चिठ्ठ्या आत होत्या. वाचणारा आतल्या बाजूला उभा असावा, अशा.

४

भीती वाटली की मनाली मोजायला घ्यायची. तिचा स्वभावच होता तो.

खिडकी आणि फडताळ एकाच भिंतीत होती, त्यामुळे भिंतीची जाडी खिडकीच्या कठड्यावर मोजता येत होती. तिनं टेप लावली. गिलाव्यासकट दहा इंच. म्हणजे त्या भिंतीत कोरलेलं फडताळ फार तर पाच-सहा इंच खोल असू शकतं. आणि पंधरा किलोचा डबाच मुळी साडेनऊ इंचांचा होता. रविवारी तो आत बसला, वर दारही लागलं, आणि भूमितीच्या बाईंना ते खटकलं नाही!

तिनं मधल्या फळीवरचे दोन डबे काढले आणि टेप आत सरकवली. पाच इंच. दहा. पंधरा. बावीसला टेप टेकली.

ती चप्पल घालून खाली गेली, इमारतीला वळसा घालून गल्लीत उभी राहिली आणि वर पाहिलं. दुसरा मजला, त्यांची खिडकी, खिडकीत वाळत घातलेलं पुसायचं फडकं. शेजारी सपाट भिंत. सांडपाण्याचा पाइप सरळ खाली आलेला. कुठंही फुगवटा नाही, पुढं आलेलं काही नाही. बावीस इंच आत गेलेली टेप खरं तर गल्लीवर लोंबकळायला हवी होती.

"काय शोधताय म्याडम?" गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"काय न्हाय. फडकं पडलंय काय बघतोय," ती म्हणाली.

संध्याकाळी प्रसेनजीत वारणानगरहून आला. तिथल्या दुधाच्या लॅबमध्ये तो दिवसभर नमुने तपासायचा आणि घरी आल्यावर त्याचं डोकं कशातच चालायचं नाही. "जुनं बांधकाम हाय," तो म्हणाला. "दोन भिंतींत पोकळी असंल. तुझी टेप ढिली झाली असंल. आईचे डबे बसलेत न्हवं? झालं तर!"

शुक्रवारी सकाळी शाळेला निघण्याआधी तिनं पुन्हा टेप घातली. सव्वीस.

५

शुक्रवारी साडेबाराला ती जिना चढत होती तेव्हा बायडाबाईंचा आवाज आला. गप्पांचा, मोकळा, हसरा आवाज. फोनवर बोलत असतील, असं मनालीला वाटलं. तिनं किल्लीनं दार उघडलं. फोन हॉलमध्ये पलंगावर पडला होता. बायडाबाई स्वयंपाकघरात फडताळापुढं पाटावर बसल्या होत्या. दार उघडं.

"कुणाशी बोलताय आत्ती?"

बायडाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग फडताळाकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. "अगं, तुझ्यासंगंच की."

"मी आत्ता येतोय शाळेतनं."

"हितं पलीकडं हुतीस न्हवं. डब्याच्या मधनं दिसत हुतीस. त्या सैपाकघरात." बायडाबाईंचा चेहरा निवळला. "मीठ कुठं ठिवू म्हणून इचारलं, तर म्हणालीस, कुठं बी ठेवा आत्ती. आपल्याला काय जागेला तोटा हाय व्हय?"

मनालीनं खाली वाकून डब्यांच्या फटींतून पाहिलं. मागं काळोख होता, बस. आणि त्या काळोखातून गार हवेची झुळूक तिच्या पापण्यांना लागली. कोल्हापुरात एप्रिलची दुपार होती.

शनिवारी डॉक्टरांकडं न्यायचं, तिनं ठरवलं. पडल्यावर डोक्यालाही मार बसला असेल. असं होतं म्हाताऱ्या माणसांना. हे सगळं खरं असू शकत होतं. पण एक गोष्ट तिला छळत राहिली. 'कुठं बी ठेवा आत्ती' हे वाक्य तिनं स्वतः या सहा आठवड्यांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

"आपण हे फडताळ रिकामं करूया," ती म्हणाली. "ओल येतीया आत."

बायडाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्यांनी वाद घातला नाही. "परत पलंगाखाली?" एवढंच विचारलं.

मनालीला त्या चेहऱ्याकडं बघवेना. "उद्या बघूया," ती म्हणाली.

६

शनिवारी शाळा लवकर सुटली. साडेनऊच्या सुमारास ती घरी आली, दार उघडलं आणि हाक मारली. "आत्ती, आवरलं काय? डॉक्टरकडं जायचंय."

उत्तर नाही. पलंग रिकामा. न्हाणीचं दार उघडं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थबकली. खाली नऊ डबे एका ओळीत मांडून ठेवले होते. कडप्प्याच्या तिन्ही फळ्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. एकेक फळी उचलायला दोन गडी लागले असते. आणि फडताळाच्या चौकटीतून दोन पावलं बाहेर आली होती. भेगाळलेल्या टाचांची, ओळखीची. बायडाबाई गुडघ्यांवर रांगत आत चालल्या होत्या. जो गुडघा जिना चढताना वाकत नव्हता, तो आता वाकला होता.

आतून उजेड येत होता. दुपारी खिडकीतून यावा तसा, पिवळसर, संथ.

मनालीनं स्वतःला चौकटीवर झोकून दिलं आणि दोन्ही हातांनी ते घोटे धरले. ते गार होते. तिनं ओढलं. हलेनात. पलीकडूनही कुणीतरी धरलं होतं.

मग बायडाबाईंच्या खांद्यावरून तिला दिसलं. फार थोडं दिसलं. दोन्ही बाजूंना फळ्याच फळ्या, दूरवर गेलेल्या, एकावर एक, रिकाम्या, स्वच्छ. आणि एक हात, कोपरापर्यंत. म्हाताऱ्या माणसाला उंबरा ओलांडायला द्यावा तसा पुढं आलेला, प्रेमानं, घाई न करता. मनगटावर, मनाली घालायची तसंच, आतल्या बाजूला तबकडी फिरवून घातलेलं घड्याळ. बोटांवर खडूची पांढरी पूड. मनालीच्या स्वतःच्या बोटांवर, त्या घोट्यांवर आवळलेल्या, तीच पूड होती.

"या आत्ती," आवाज आला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय झालेला तिचाच आवाज. "सावकाश या. हितं लई जागा हाय."

बायडाबाई एक वीत पुढं सरकल्या.

मनालीला ओरडायचं होतं की ती मी नाही. पण तोंडातून आलं ते वेगळंच. आलं ते सरळ पोटातून.

"आत्ती, आपल्या घरात जागा न्हाय! खरंच न्हाय! मी त्या दिवशी बोललो ते तुम्ही ऐकलासा, मला म्हाईत हाय. पण तुम्ही हितंच ऱ्हायचं. माझ्या पायात या, माझ्या डोक्यावर डबे ठेवा, पण हितंच ऱ्हायचं! तुम्ही आल्यापासनं घरात पाय टाकला की कुणीतरी हाय असं वाटतंय मला. ऐकताय न्हवं आत्ती?"

सगळं थांबलं. तो उजेडसुद्धा ऐकत असावा असं वाटलं.

मग बायडाबाई बोलल्या, पण पुढं, त्या हाताकडं तोंड करून.

"हात सोड गं बाई. माझी सून बोलावतीया."

त्या हातानं लगेच सोडलं नाही. बोटं एकेक करून उघडली. अंगठा शेवटी.

बायडाबाई अंगावर आल्या तशा मनाली पाठीवर पडली, डबे खडखडत कोपऱ्यात गेले, नाचणी सगळीकडं सांडली. सांडलेल्या नाचणीत दोघी बसून राहिल्या, एकमेकींना धरून. मनालीनं पायानं दार लोटलं आणि ते लागल्यावरही पाय काढला नाही.

७

कृष्णात गवंडी तासाभरात आला. इमारतीतली सगळी किरकोळ कामं तोच करायचा. मनालीनं त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की भिंतीतली एक पोकळी बुजवायची आहे, आजच, आत्ताच. तोवर ती फडताळाच्या दाराला पाठ लावून बसली होती आणि बायडाबाई तिच्या शेजारी नाचणी निवडत.

कृष्णातनं दार उघडलं. मनालीनं डोळे मिटले.

"म्याडम, ह्यात काय ठेवत हुतासा? उदबत्तीचा पुडा?"

तिनं डोळे उघडले. दारामागं चार इंचांचा खळगा होता. मागं विटा, विटांवर चुन्याचे जुने फटकारे, कोपऱ्यात जाळी, तळाला बोटभर धूळ. फळ्या बसायच्या खाचाही नव्हत्या. कृष्णातनं हातोडीच्या दांड्यानं विटांवर ठोकलं. भरीव, बद्द आवाज आला. तो आवाज तिनं पुन्हा ठोकायला लावून ऐकला. मग आणखी एकदा.

"आणि ह्या कडप्प्या कुठनं आणल्यासा? ह्या एवढ्याशा खळग्यात त्या कशा बसतील?"

"तुम्ही न्या त्या," मनाली म्हणाली. "आजच न्या."

दोनपर्यंत विटा लागल्या, चारपर्यंत गिलावा झाला. कृष्णात चहा पिऊन, कडप्प्या टेम्पोत घालून गेला. त्या तीन फळ्या उचलायला त्याला खालून इस्त्रीवाल्याला बोलवावं लागलं.

संध्याकाळी प्रसेनजीतला मनालीनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. तो उठला, ओल्या गिलाव्यापुढं जाऊन उभा राहिला, मग स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून आईचे दोन्ही तळवे हातात घेऊन बघत राहिला. डाव्या मनगटावर चार बोटांचे पुसट पांढरे ठसे होते. खडूसारखे. साबणानं निघून गेले.

"आई, कसं हुतं तिकडं?" त्यानं विचारलंच.

बायडाबाईंनी बराच विचार केला. "सैपाकघर मोठं हुतं रं," त्या म्हणाल्या. "लई मोठं. पर वास कशाचाच येत नव्हता."

त्याहून जास्त त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

८

पुढच्या रविवारी तिघांनी मिळून घर उपसलं. सोऱ्या आणि तीन जुने कुकर शेजारणींना वाटून टाकले. हॉलमधला पलंग काढून खाली कप्पे असलेला दिवाण आणला, तांदूळ त्यात गेला. न्हाणीवरच्या माळ्यावरून प्रसेनजीतच्या कॉलेजच्या वह्या निघाल्या, त्या रद्दीत गेल्या आणि तिथं पत्र्याचे सहा डबे बसले. स्वयंपाकघराच्या दाराच्या वर कृष्णातनं एक लांब फळी ठोकून दिली, ती मिक्सर आणि बरण्यांनी भरली. उरलेले तीन डबे कुठंच बसेनात. ते ओट्याखाली पायात राहिले, आणि मनाली दिवसातून दहा वेळा त्यांना ठेचकाळायची. प्रत्येक वेळी पायाचं बोट धरून ती कळवळायची, आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटायचं.

डॉक्टरांनी बायडाबाईंना तपासलं. डोकं ठणठणीत, म्हणाले, गुडघ्याचे व्यायाम करा.

मे महिन्यात चटणी केली. मिरची, कांदा-लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे भाजताना घरभर तिखटाचा खाट उठला. खालच्या मजल्यावरचे लोक शिंकत वर आले आणि नमुना घेऊन गेले. बायडाबाई स्वयंपाकघराच्या मधोमध बसल्या होत्या, पाय लांब पसरून, आणि मनालीला ओट्याकडं जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागत होतं. "जरा सरका की आत्ती!" ती ओरडली. "न्हाय सरकत जा!" बायडाबाई ओरडल्या. दोघींच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी वाहत होतं आणि दोघी हसत होत्या.

चटणी बरणीत भरून झाल्यावर बायडाबाई हॉलमध्ये जाऊन आडव्या झाल्या. मनाली एकटी राहिली. गिलावा कधीच वाळला होता, वर रंगही झाला होता. ती भिंतीजवळ गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथं कान लावला.

गल्लीतून भाजीवाली गेली. कुणीतरी गाडीला किक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागली. इस्त्रीवाल्याचा रेडिओ. भिंतीपलीकडं गल्ली होती, ऊन होतं.

मनालीनं कान काढला. मग मोठ्यांदा, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली.

"आत्ती, वाढू काय जेवायला?"

"वाढ की!" हॉलमधून उत्तर आलं.

ती तशीच थांबली. आणखी थोडी थांबली. एकच उत्तर आलं होतं.

तिनं दोन ताटं घेतली.